दहा मिनिटं उजवी, दहा मिनिटं डावी

आई, आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. बाकीचं त्यानंतर.

१. मला मुलगी झाली. गुरुवारी दुपारी सव्वाबाराला. जन्माचं वजन सहा पौंड दहा औंस.

२. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना तीन-तीन मिनिटं पाजलं, दुसऱ्या दिवशी पाच, चौथ्या दिवसापासून दहा. दर चार तासांनी. दर वेळी आधी साबण आणि पाणी, मग बोरिकचं पाणी. पाजून झाल्यावर पुन्हा बोरिक, आणि वर स्पिरिटचा बोळा.

३. पाचव्या दिवशी उजव्या बोंडाला चीर पडली. सातव्या दिवशी डाव्याला.

४. दहाव्या दिवशी नियमाप्रमाणे उजव्या बाजूला विश्रांती दिली, म्हणजे पाजणं बंद. बाराव्या दिवशी ती बाजू दगडासारखी झाली आणि मला एकशे एक ताप आला.

५. पंधराव्या दिवशी मुलीचं वजन सहा पौंड एक औंस भरलं.

६. लेडी डॉक्टरांनी एक आठवडा दिला आहे. येत्या गुरुवारी सकाळी नऊला पुन्हा वजन. निदान सहा औंस वाढलं नाही तर डब्याच्या दुधाची बाटली सुरू करायची.

७. शुक्रवारी सकाळी मी पिणाऱ्या मुलीला अंगावरून ओढून काढलं, आणि तू मला थोबाडीत मारली होतीस ते आठवलं.

आज सोमवार आहे.

तू गेलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते, त्यामुळे यातलं बरंच तुला नवीन असेल. मी नर्सिंग आणि मिडवाइफरी शिकले. बाबा ‘आपल्यात कुणी करत नाही’ एवढं एकदाच म्हणाले आणि त्यांनी फॉर्मवर सही केली. त्यानंतर चार वर्षं मी इथल्या एका बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलं. पाजण्याच्या नियमांचा तक्ता त्या वॉर्डाच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला आहे. माझं अक्षर सरळ आणि मोठं म्हणून मला लिहायला सांगितला होता. वर लिहिलं आहे: दहा मिनिटं उजवी, दहा मिनिटं डावी. खाली स्वच्छतेचे नियम. सातव्या महिन्यापासून बोंडं खरखरीत टॉवेलने घासून त्यांना स्पिरिट लावायचं, म्हणजे कातडी टणक होते, हेही त्यात आहे. मी ते स्वतःवर दोन महिने रोज केलं. एकही दिवस चुकवला नाही.

रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण आता होळकरांचं राज्य नाही, मध्यभारत आहे, आणि सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला जातं. बाबा सरकारी कचेरीत, ते फायलींच्या मागे गेले, धाकटीलाही बरोबर घेऊन गेले, आणि माझ्या माहेराला उन्हाळ्यापर्यंत कुलूप आहे. म्हणून मी सासरीच बाळंत झाले. घरात सासूबाई, हे आणि मी. सासूबाई प्रेमळ आहेत. सियागंजातून डिंक-अळीव आणून त्यांनी माझ्यासाठी डबाभर लाडू वळले, आणि रोज एक समोर बसून खायला लावतात. पण आईसमोर पदर बाजूला करून ‘हे बघ’ म्हणता येतं, तसं त्यांच्यासमोर म्हणता येत नाही. खरं म्हणजे मी ते कुणासमोरच म्हणत नाही. पाचव्या दिवसापासून चीर होती, आणि घरात हे बाराव्या दिवशी कळलं.

यांची नोकरी कापडाच्या गिरणीत टाइमकीपरची. भिंतीवरचं घड्याळ हे गिरणीच्या भोंग्यावर लावतात, आणि मी माझं मनगटी घड्याळ भिंतीवरच्या घड्याळावर. मुलगी मात्र कशावरच लागलेली नव्हती. दोन तासांतच रडायला लागायची. सासूबाई दारात येऊन उभ्या राहायच्या.

“सूनबाई, घे ना तिला.”

“अजून दीड तास आहे.”

“तिला घड्याळ समजतं का भला?”

“सवय लावली की समजतं.”

यावर हे आतून म्हणाले, “अगं, आमच्या मजुरांनासुद्धा जेवायला अर्धा तास सुट्टी असते. ही तर नवी भरती आहे.” माझं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण वेळ झाली की काय होणार हे मला माहीत होतं. तोंड लागलं की पहिली वीस सेकंदं मी पायाचे अंगठे आवळून धरायची आणि आकडे मोजायची. विसाव्या आकड्यापर्यंत डोळ्यांत पाणी आलं नाही तर तो दिवस बरा. भेग खालच्या अंगाला होती, अर्धा इंच लांब. कडा पांढऱ्या, मध्ये लाल. पाजून झाल्यावर बोंड गोल यायचं नाही. एका बाजूने चपटं, तिरक्या कापलेल्या पेन्सिलीसारखं दिसायचं. मी हेही पाहिलं होतं. वहीत नोंदलं होतं. त्याचा अर्थ काय, हे मात्र स्वतःला विचारलं नाही, कारण तक्त्यात त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

अंग चोळायला येणारी बाई महूकडच्या एका खेड्यातली आहे, माळवी बोलते. बाराव्या दिवशी तापात मी पडून होते तेव्हा तिनेच सासूबाईंना हाक मारली. पदर तिनेच बाजूला केला. मला अडवता आलं नाही. उशाशी ठेवलेली बाटली हुंगून तिने विचारलं, “बई, यो कई लगावो हो?”

“स्पिरिट है. इससे कीड़े मरते हैं.”

“कीड़ा तो मरी ग्या,” ती म्हणाली, “अबे थारो नंबर हे.”

सासूबाई हसल्या, मग माझं तोंड पाहून थांबल्या. त्या दोघींनी गरम पाण्यात पंचा पिळून उजव्या बाजूवर ठेवला, हाताने थोडं दूध काढलं, आणि बाजू जरा मऊ झाल्यावर मुलीला तिथेच लावलं. नियमाच्या विरुद्ध होतं. मला ओरडायलाही जोर नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला. आणि मी काय केलं? उठून बसता येताच पुन्हा घड्याळ लावलं. पुन्हा दहा मिनिटं. स्पिरिटसुद्धा.

त्यानंतरच्या गुरुवारी वजन झालं. ज्या वॉर्डात मी चार वर्षं काटा वाचला, तिथे काट्याच्या या बाजूला उभी होते. नवीन नर्सने आकडा वाचला, मग माझ्याकडे पाहून पुन्हा वाचला. लेडी डॉक्टर मला ओळखतात. त्यांनी तपासलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सिस्टर, तक्ता तर तुम्हीच लिहिलाय. तुम्हाला मी काय सांगू?” मग म्हणाल्या, “एक आठवडा पाहू. नाहीतर बॉटल. मुलीला उपाशी ठेवता येणार नाही.” त्यांचं चुकलं नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

पण बाटलीवरची मुलं मी पाहिली आहेत. हिवाळ्यात त्यांचं ठीक चालतं. मार्चनंतर ती जुलाब घेऊन वॉर्डात येतात, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. त्यांतली काही परत जात नाहीत. त्यांच्या आयाही बाटल्या उकळतच होत्या, निदान मला तसं सांगत होत्या. मी उकळीन, झाकीन, वेळ लिहीन. तरीही मला भीती वाटते, आणि ही भीती मी यांनासुद्धा सांगितलेली नाही. मार्च फार लांब नाही.

आता शुक्रवार. सकाळची वेळ, उजवी बाजू. मुलगी पहिल्यांदाच नीट ओढत होती, गिळल्याचा आवाज येत होता. घड्याळात दहा मिनिटं झाली. मी दोन्ही हातांनी तिला धरलं आणि ओढून काढलं. तिने सोडलं नव्हतं. माझ्या तोंडून एक आवाज निघाला. तिच्या खालच्या ओठावर रक्ताचा थेंब होता, माझा. सासूबाई स्वयंपाकघरातून पळत आल्या, “काय झालं गं, काय झालं?” मी मुलीचा ओठ पुसत राहिले. दुखणं होतंच, पण तो आवाज मी याआधी ऐकला होता. माझा नव्हे. तुझा.

मी अकरा वर्षांची आहे. मल्हारगंजातलं आपलं दोन खोल्यांचं घर, सकाळची वेळ. तू चुलीपासून हातभर दूर पाटावर बसलेली आहेस, डावा गुडघा उभा, त्यावर हात टेकलेला, आणि हातावर धाकटी. तिचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं. तू तिच्याकडे वाकलेली नाहीस. तिलाच वर घेतलेलं आहे. मी रिबिनी हातात घेऊन उभी आहे, कारण माझी वेणी घालायची आहे आणि शाळेची पहिली घंटा झाली आहे. काल उशीर झाला म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आज पुन्हा झाला तर घरी चिठ्ठी येणार.

“आई, वेणी.”

“थांब. पिऊ दे तिला.”

“ती पीत नाहीये. झोपलीये.”

“सोडेल तेव्हा सोडेल. थांब जरा.”

मी थांबते. दुसरी घंटा होते. धाकटीचे डोळे मिटलेले आहेत, तोंड हलत नाही. मी पुढे होते, तिला दोन्ही हातांनी धरते आणि ओढून काढते. तुझ्या तोंडून तो आवाज निघतो. आणि मग तुझा हात माझ्या गालावर येतो, इतक्या जोरात की रिबिनी खाली पडतात.

तू माझ्यावर हात उगारलास तो तेवढाच. नंतर तू बराच वेळ माझ्याकडे पाहिलं नाहीस, भिंतीकडे पाहत होतीस, तळहात छातीवर दाबून. मग धाकटीला मांडीवर आडवं केलंस, मला पुढ्यात बसवलंस आणि वेणी घालायला घेतलीस. घट्ट घातलीस. मागून तुझा आवाज आला: “ओढायचं नाही. आधी करंगळी घालायची तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात. पकड सुटली की मग घ्यायचं. कळलं? कधीच ओढायचं नाही.” मध्येच तुझे हात थांबले म्हणून मी वळून पाहिलं. तू बोंड दाबून दुधाचा थेंब काढलास, बोटाने सगळीकडे लावलास, आणि पदर न घेताच खिडकीतल्या उन्हाकडे जरा वळून बसलीस. मला लाज वाटली. समोरच्या जिन्यावरून कुणीही पाहिलं असतं. “आई, पदर घे ना,” मी म्हटलं. “वाळू दे,” तू म्हणालीस. एवढंच. आणि पुन्हा माझे केस हातात घेतलेस.

त्या दिवशी मी वर्गाबाहेर उभी राहिले. चिठ्ठी आली. तू सही केलीस. वर्षाच्या आतच विषमज्वराने तू गेलीस. तेराव्याला सगळ्या बायका बसल्या होत्या, आणि कुणीतरी म्हणालं, “पोरींवर कधी हात उगारला नाही हो तिने.” मी म्हटलं, “उगारला होता. मला मारलं होतं. शाळेला उशीर झाला म्हणून.” मावशीने मला आत नेलं. उशीर झाला म्हणून तू मारलंस, असंच मी पुढे तेरा वर्षं मानत आले. करंगळी, थेंब, ऊन हे सगळं मला आठवत होतं. पण ते मी वेगळ्या ठिकाणी ठेवलं होतं, माझ्या रागाला त्याचा उपयोग नव्हता म्हणून.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. वॉर्डात मी स्वतः मुलं ओढून काढली आहेत. दहा मिनिटं झाली की खाटांच्या रांगेतून जायची आणि एकेक मूल उचलायची. वेगाने, कारण खाटा पुष्कळ होत्या. एका विणकराच्या बायकोने माझं मनगट धरलं होतं. “सिस्टरजी, रुको, खून आता है,” ती म्हणाली. मी तिला सांगितलं, “थोड़ा सहन करना पड़ता है.” आणि स्पिरिटचा बोळा लावला. ती तिसऱ्या दिवशी न सांगता घरी निघून गेली. आम्ही रजिस्टरमध्ये ‘स्वतःच्या मर्जीने’ असं लिहिलं. ते अक्षरही माझंच.

शुक्रवारी दुपारी मी स्पिरिटची बाटली कपाटावर ठेवली आणि घड्याळ काढून यांच्या खणात टाकलं. ते बिचारं तिथे चालू आहे. साबण बंद केला, आंघोळीच्या वेळी नुसतं पाणी. सासूबाईंकडून पाट मागून घेतला. भिंतीला टेकून, गुडघा उभा करून बसले, मुलीचं पोट माझ्या पोटाला लावलं आणि तिला वर घेतलं. आधी मी वाकून स्तन तिच्या तोंडात देत होते. आता तिचं नाक बोंडासमोर आणते आणि थांबते. ती ओठ चाळवते, डोकं हलवते, रागावते. तोंड जांभईएवढं उघडलं की चटकन जवळ घेते, हनुवटी आधी. खालचा ओठ बाहेर वळलेला आहे का आणि काळा भाग खालून पुष्कळसा आत गेला आहे का, हे पाहते. तिसऱ्या खेपेपर्यंत जमलं नाही. दर वेळी करंगळी घालून सोडवलं आणि पुन्हा लावलं. चौथ्या खेपेला मी आकडे मोजायला सुरुवात केली आणि नवव्या आकड्याला दुखणं थांबलं. मी मोजतच राहिले, साठपर्यंत, विश्वास बसेना म्हणून.

कमी दुखणारी बाजू आधी देते, कारण भुकेच्या पहिल्या तडाख्यात ती फार जोरात ओढते. रडायला लागण्याआधीच घेते, मुठी चोखायला लागली की. ती सोडेल तेव्हा सोडेल. मग थेंब लावते आणि वाळू देते. त्यासाठी शनिवारी गच्चीवर गेले. ऊन फक्त तिथेच येतं. सासूबाई मागून आल्या.

“इतक्या थंडीत छाती उघडी टाकून बसणार? क्या बात करतेस!”

“पाच मिनिटं. वाळलं की झाकते.”

त्यांनी दोरीवरची चादर ओढून आडवी केली, तरी एक कोपरा उघडा राहत होता. तिथे चादरीचं टोक हातात धरून त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. जरा वेळाने कठड्यावर कावळा बसला. “काय रे, तुला घरी आया-बहिणी नाहीत का?” त्या त्याला म्हणाल्या. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

घरी काटा नाही. ‘गिरणीत कापसाचा काटा आहे, गाठीबरोबर चढवतो तिला,’ असं हे म्हणाले, आणि मग माझं तोंड पाहून बाहेर गेले. म्हणून मी ओले लंगोट मोजते. शुक्रवारी चार, शनिवारी पाच, काल सात. आज दुपारपर्यंत पाच. डावी चीर मिटली आहे, नवी कातडी गुलाबी दिसते. उजवीची लांबी निम्म्यावर आली आहे, पण सकाळी अजून दुखतं, आणि तिथून मुलगी आज दोनदा रडत सुटली. बोंड मात्र दोन्ही वेळा गोल बाहेर आलं, म्हणजे पकड नीट होती. सात लंगोट म्हणजे किती औंस, हे मला माहीत नाही. असा तक्ता कुणी केलेला नाही. तीन दिवसांत सहा औंसांचं काय होईल, हे मी आज सांगू शकत नाही. बाटली आणि रबराची बोंडं हे काल घेऊन आले. माझ्याकडे न पाहता त्यांनी ती फडताळात ठेवली. माझ्या पाटावरून ती दिसतात.

हे पत्र वजनाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. ते वहीतच राहील. एक गोष्ट लिहायची राहिली. काल सासूबाईंनी विचारलं, “ही करंगळीची युक्ती कुठे शिकलीस गं? चांगली आहे.” मी म्हटलं, “आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात.” ते खोटं आहे. तुझं नाव तोंडावर आलं होतं, पण मी घेतलं नाही.

आता मला एवढंच विचारायचं आहे. त्या सकाळी मी धाकटीला ओढलं, तेव्हा रक्त आलं होतं का? तू तळहाताने झाकलं होतंस, मला दिसलं नाही. त्यानंतरही तू तिला अंगावर पाजत राहिलीस, अगदी तुझा ताप चढेपर्यंत, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे रक्त आलं असेल, तर अशी जखम पाजता पाजता भरून येते, याचं माझ्याजवळ एक तरी खात्रीचं उदाहरण होईल, आणि गुरुवारी काटा काहीही म्हणाला तरी डॉक्टरांकडे आणखी एक आठवडा मागताना माझा आवाज कापणार नाही. हो किंवा नाही, एका शब्दात. बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव.